जुन्या गाडीचा आवाज नेमका केव्हा येतो?

उन्हाळ्याची सुट्टी, लग्नसराई आणि घरची जुनी गाडी या तीन गोष्टी आमच्या वऱ्हाडात एकदमच रस्त्यावर येतात. अकोल्याची मुलगी अमरावतीला दिलेली असते, अमरावतीची खाला मूर्तिजापूरला राहते, मामूंचे घर परतवाड्याला. बडनेऱ्याहून रेल्वे आहे, एसटी आहे. पण दोन म्हातारी माणसे, तीन लेकरे, बिर्याणीचे पातेले आणि परतायला किती वाजतील याचा नेम नाही, असे असले की गाडीच काढावी लागते. आणि नेमका निघण्याच्या आदल्या दिवशी बोनेटखालून कधी न ऐकलेला आवाज येतो.

एमएच-२७ म्हणजे अमरावती आणि एमएच-३० म्हणजे अकोला. या दोन क्रमांकांच्या जुन्या गाड्या आपल्या मोहल्ल्यांत अजून भरपूर आहेत. पहिली मारुती ८०० दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ रोजी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात तरुण ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे. तिच्यासोबत ओम्नी, सँट्रो, इंडिका, जुनी वॅगनआर. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. तरी लोक गाडी सोडत नाहीत, कारण नवी घेणे परवडत नाही आणि जुनी अजून चालते.

आवाज आला की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘काही होत नाही, टेप मोठा कर.’ दुसरा म्हणतो, ‘इंजिन गेले, आता विकून टाका.’ दोघेही नीट न ऐकता निकाल देतात. पहिल्याच्या हट्टापायी भर उन्हात हायवेवर लेकरेबाळे अडकतात आणि दुसऱ्याच्या भीतीपोटी एका ढिल्या पट्ट्यासाठी घरात आठवडाभर काळजी बसते. आम्ही शाळेत शिकवणारी माणसे, मिस्त्री नव्हे. पण जुनी गाडी सांभाळता सांभाळता आणि उस्ताद लोकांच्या शेजारी तासन्‌तास उभे राहून जे कळले, ते या लेखात मांडत आहोत. घरच्या घरी इंजिन दुरुस्त करायला आम्ही सांगणार नाही. आवाज कुठल्या जातीचा आहे, आज निघावे की नाही आणि मिस्त्रीला काय सांगावे, एवढे मात्र अंगणात उभे राहून ठरवता येते.

मराठीत आवाजांना शब्दांचा तोटा नाही. खडखड, खटखट, टकटक, टिकटिक, कुरकुर, घरघर, गरगर, फसफस. मराठीच्या तासाला हे अनुकरणवाचक शब्द म्हणून शिकवतो, उर्दूच्या तासाला ‘इस्मे-सौत’ म्हणून. अडचण अशी, की एकाची खडखड ती दुसऱ्याची खटखट असते. अब्बांना जी ‘घरघर’ वाटते तिला मुलगा ‘गुंगुं’ म्हणतो आणि मिस्त्री दोघांकडे पाहत राहतो. म्हणून जाणता उस्ताद आवाजाचे वर्णन ऐकत बसत नाही. तो विचारतो, ‘पहले ये बताव, आती कब?’ सकाळी थंड इंजिनावर येतो की दहा किलोमीटरनंतर? उभ्या गाडीत येतो की चालत्या? रेस दिली की वाढतो का? क्लच दाबला की थांबतो का? वळणावर येतो की खड्ड्यावर? याची उत्तरे देताना वाद होत नाही, आणि निम्मे निदान याच उत्तरांत असते.

आधी मात्र ऑइल पाहावे, गाडी सुरू करण्याच्याही आधी. गाडी सपाट जागेवर उभी करावी. नुकतीच चालवलेली असेल तर पाच-दहा मिनिटे थांबावे. ऑइलची पट्टी बाहेर काढून सुती फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि काढून पाहावी. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्या मध्ये हवे. खालच्या खुणेच्या खाली असेल तर आवाजाचा शोध तिथेच थांबवून आधी योग्य ग्रेडचे ऑइल भरावे. काळे ऑइल पाहून घाबरू नये, ते काम करून काळे होते. पण ऑइल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळते आहे असा संशय घ्यावा आणि गाडी हलवू नये. त्याच वेळी कुलंटची पातळी बघावी. रेडिएटरचे झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच थेट तोंडावर येते.

आता गाडी सुरू करू या. अंगणात, उघड्यावर. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसणे जिवावर बेतू शकते, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला. ओढणी, दुपट्टा, मफलर, कुर्त्याच्या लांब बाह्या, बांगड्या हे सगळे बोनेटपासून दूर. रेडिएटरचा विजेवरचा पंखा मनात येईल तेव्हा सुरू होतो, काही गाड्यांत चावी काढल्यानंतरही. लेकरांना पाहू द्यावे, पण हातभर लांबून.

पहिला प्रश्न: आवाज इंजिनाचा आहे की चाकांचा? उभ्या गाडीत हळूहळू रेस द्यावी. रेसबरोबर आवाज वाढला, तर तो इंजिनाचा किंवा इंजिनावर फिरणाऱ्या एखाद्या भागाचा. उभ्या गाडीत काहीच येत नाही आणि रस्त्यावर वेग वाढला की घूंघूं वाढते, गिअर बदलला तरी फरक पडत नाही, तर चाकाच्या बेरिंगकडे बघावे. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना पुढून ‘कट-कट-कट’ येत असेल, तर पुढच्या चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या ॲक्सलचा सांधा झिजलेला असतो. या दोन्ही गोष्टींसाठी इंजिनाला दोष दिला जातो आणि त्याचा तिच्याशी काही संबंध नसतो.

इथे आपल्या रस्त्याबद्दल थोडे. अमरावती-अकोला महामार्ग वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता. मग जून २०२२ मध्ये याच मार्गावर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, एका लेनचे ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारचा होता, २०१९ चा. दोहात नोकरीला असलेल्या आमच्या एका नातेवाइकाला हे आम्ही मुद्दाम ऐकवले. पण रस्ता गुळगुळीत झाल्यावर एक गंमत झाली. आधी सगळीच गाडी खडखडत असे, त्यामुळे कुठला आवाज कुठला हे कळत नव्हते. आता काचा वर करून सत्तरच्या वेगाने जाताना जुन्या खड्ड्यांनी दिलेली दुखणी एकेक करून ऐकू येऊ लागली: शॉकअपचे बुश, खालच्या आर्मचे रबर, सैल झालेला सायलेन्सर. ज्यांना वाटते की ‘गाडी अचानक आवाज करायला लागली’, त्यांच्यापैकी काहींच्या गाड्या आधीपासूनच बोलत होत्या.

खोटे आवाजही खूप. सीटखाली गडगडणारी पाण्याची बाटली, डिकीत सुटा झालेला जॅक, दाराच्या खिशात पडलेली नाणी. मिस्त्रीकडे जाण्याआधी गाडी एकदा पूर्ण रिकामी करावी, स्टेपनीचा बोल्ट आवळावा. सायलेन्सरवर उष्णतेपासून बचावाचा एक पातळ पत्रा असतो. त्याचा स्क्रू गंजून निसटला की ठरावीक रेसवर असा झणझणतो, की ऐकणाऱ्याला वाटावे इंजिनाचे तुकडे पडत आहेत. थंड गाडीखाली वाकून, हातमोजा घालून, तो पत्रा हलवून पाहिला की लगेच कळते.

दुसरा प्रश्न क्लचचा. हा आमचा सगळ्यात आवडता, कारण त्याने आमचे बरेच पैसे वाचवले. आमच्या गाडीला एकदा गरगर लागली होती. एका गॅरेजात बोनेट न उघडताच ‘इंजिन उतरवावे लागेल’ असे सांगण्यात आले आणि जो आकडा सांगितला तो आमच्या एका पगारात मावणारा नव्हता. गाडी घरी आणली. अंगणात न्यूट्रलला उभी करून क्लच पूर्ण दाबला, तर गरगर बंद. सोडला, की पुन्हा सुरू. दहा वेळा केले, दहाही वेळा तेच. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना इंजिन गिअरबॉक्सचा पहिला शाफ्ट फिरवत असते. क्लच दाबला की तो शाफ्ट थांबतो. दाबल्यावर आवाज जातो, याचा अर्थ दुखणे त्या शाफ्टच्या बेरिंगमध्ये. दुसऱ्या उस्तादांना एवढेच दाखवले. त्यांनी मान हलवली, गिअरबॉक्स उतरवला, बेरिंग बदलले. इंजिनाला हात लागला नाही. याच्या उलट, क्लच दाबला की आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे रिलीज बेरिंग गेलेले असते. इंजिन चालू करताना आणि बंद करताना ‘धप्प’ असा एक धक्का बसत असेल, किंवा उभ्या गाडीत स्टीअरिंग थरथरत असेल, तर इंजिन ज्यावर बसवलेले असते ते रबरी फाउंडेशन तपासायला सांगावे.

तिसरा प्रश्न थंड की गरम? सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर वरच्या बाजूने शिलाई मशीनसारखी टिकटिक येते आणि चार-पाच मिनिटांत कमी होते, अशी तक्रार जुन्या गाड्यांत फार. रात्रभरात ऑइल खाली उतरलेले असते. वर पोहोचेपर्यंत टॅपेट टिकटिकतात. टॅपेटची फट झिजून वाढली असेल तर टिकटिक टिकून राहते. मारुती ८०० मध्ये ही फट पेचाने जुळवता येते; ठराविक मापाची पातळ पट्टी घालून मिस्त्री ते थोड्या वेळात करतो. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण ८४० वेळा फिरते असे धरले तर सेकंदाला १४ फेरे झाले. प्रत्येक व्हॉल्व दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. म्हणजे टॅपेटची टिकटिक सेकंदाला सात. हे मोजता येत नाही, पण उस्तादचा कान नेमका हाच फरक पकडतो: इंजिनाच्या निम्म्या चालीने वाजणारा आवाज वरचा, व्हॉल्वचा असतो, पूर्ण चालीने येणारा ठोका खालचा, क्रँकचा असण्याची शक्यता अधिक.

थंडपणी येणारी, पण ‘फट-फट’ अशी फुंकर मिसळलेली टकटक वेगळी. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या जोडावर फट पडली की असे होते. लोखंड तापून फुगले की फट मिटते आणि आवाज जातो. टॅपेट समजून याच्यावर उगाच खर्च केला जातो. हा धूर गाडीच्या आत शिरू शकतो, म्हणून त्याला महिनोन्‌महिने टाळू नये.

गरम झाल्यावर सुरू होणारा आवाज आम्ही जास्त गंभीर मानतो, आणि आपल्या भागात तर नक्कीच. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि उष्णतेपायी जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लावावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. अशा उन्हात मूर्तिजापूरच्या अलीकडे ट्रकमागे रांगत जाणाऱ्या गाडीतले ऑइल पातळ होते, त्याचा दाब कमी होतो आणि झिजलेले बेरिंग बोलू लागते. सकाळी अंगणात गाडी शांत होती म्हणून ती निरोगी, असा निष्कर्ष वऱ्हाडात काढता येत नाही. ऑइल कोणत्या ग्रेडचे घालायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. काही लोक आवाज दाबण्यासाठी मुद्दाम जाडसर ऑइल भरतात. विकायला काढलेल्या गाडीत तर हमखास. जुनी गाडी घ्यायला जाताना म्हणूनच सकाळी जावे आणि आधी बोनेटला हात लावून पाहावा. मालकाने पाहुणे यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर थंडपणीचा आवाज त्याला ऐकू द्यायचा नाही असे समजावे.

पावसाळ्यातली सकाळ वेगळी. गाडी सुरू होते आणि ‘चीईई’ अशी किंकाळी सगळ्या गल्लीला ऐकू जाते. हा फॅन बेल्ट. हेडलाइट, वायपर, एसी एकदम लावल्यावर वाढली तर खात्रीच, कारण डायनमोवर भार पडतो आणि ढिला पट्टा घसरतो. इंजिन बंद असताना पट्टा बोटाने दाबून पाहावा, तो फार लोळायला नको. आतल्या बाजूला भेगा किंवा आरशासारखी चकाकी असेल तर बदलून घ्यावा. किंकाळी म्हणजे पट्टा. पण सलग गरगर असेल तर त्या पट्ट्यावर फिरणारे काहीतरी: डायनमोचे बेरिंग, वॉटर पंप, एसीचा कॉम्प्रेसर. एसी बंद-चालू करून एक नाव लगेच गाळता येते. उरलेल्यांसाठी मिस्त्री पट्टा काढून अर्धा मिनिट इंजिन चालवतो. आवाज गेला तर इंजिन निर्दोष. वॉटर पंप असेल तर त्याच्याखाली ओल किंवा कुलंटचा वाळलेला डाग बहुधा दिसतो. तो थांबला तर इंजिन तापते, आणि तापलेले इंजिन हा मोठा खर्च आहे.

आवाज नेमका कुठून येतो हे शोधायला कानाला मदत लागते. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लॅनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि हृदयाचे ठोके स्पष्ट ऐकले. त्यातून स्टेथोस्कोप आला. आपल्याकडचे उस्ताद हेच लांब पेचकसाने करतात. टोक इंजिनाच्या स्थिर भागावर, मूठ कानामागच्या हाडावर. घरी त्याऐवजी दोन-अडीच फूट रबरी नळी बरी. एक टोक कानाजवळ, दुसरे एकेका भागाजवळ फिरवावे, पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवून. वर टॅपेटच्या झाकणाजवळ जोरात, खाली मंद, तर आवाज वरचा. नळीत ‘फस्स’ ऐकू आले तर एखादा व्हॅक्यूमचा पाइप चिरलेला असतो. जुन्या गाडीचे रबर कडक होऊन असे फाटतेच. उंदरांनी कुरतडलेला पाइपही आम्ही पाहिला आहे, तूर घरात येण्याच्या दिवसांत.

चिखलदऱ्याला जाताना येणारा आवाज आणखी निराळा. परतवाड्यापासून पुढे घाट चढत सुमारे ११०० मीटर उंचीवर जायचे, गाडीत सहा माणसे, तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. अशा वेळी इंजिनातून डब्यात खिळे हलवल्यासारखी किणकिण येते. पाय उचलला की थांबते. पेट्रोल आपल्या वेळेआधी किंवा वेडेवाकडे पेट घेते आहे, असा त्याचा अर्थ. टायमिंग पुढे गेलेले असते, आत कार्बन साचलेला असतो, इंजिन तापलेले असते किंवा पेट्रोल निकृष्ट असते. तात्पुरता उपाय सोपा: खालचा गिअर टाका, पाय हलका करा, चार माणसांच्या गाडीत सहा बसवू नका. घाट उतरून आल्यावर टायमिंग आणि प्लग तपासून घ्या. महिनोन्‌महिने तसेच चालवले तर पिस्टनला इजा होते.

उरला तो आवाज, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. खालून येणारा, जड, बोदा ठोका. ठक-ठक-ठक, दारावर मुठीने मारल्यासारखा. रेस दिली की वाढतो, गरम झाल्यावर जोर धरतो. आणि त्याच्यासोबत डॅशबोर्डवर लाल दिवा. त्याचे चित्र अल्लाउद्दीनच्या चिरागासारखे असते, टोकाला एक थेंब. मुलांना तो चिराग म्हणून ओळखायला शिकवून ठेवा. चालवणाऱ्याचे लक्ष रस्त्यावर असते, शेजारी बसलेल्या मुलाला तो आधी दिसतो.

आत काय घडते ते समजून घेण्यासारखे आहे. पिस्टन वर-खाली होतो आणि कनेक्टिंग रॉड ती हालचाल क्रँकला देऊन गोल फिरवतो. क्रँक आणि दांडा यांची ही जोडी जुनी आहे. १२०६ मध्ये दियारबकरच्या दरबारात अल-जझरी यांनी पूर्ण केलेल्या यंत्रांच्या ग्रंथात पाणी उपसणाऱ्या पंपासाठी ती वापरलेली दिसते, तिथे उलट, गोल फिरण्यातून दांडा पुढे-मागे नेण्यासाठी. गाडीत रॉड आणि क्रँक यांच्या मध्ये ऑइलचा केसापेक्षा पातळ थर असतो. लोखंड लोखंडाला टेकत नाही ते त्या थरामुळे. लाल दिवा लागला म्हणजे ऑइलचा दाब गेला. ठोका आला म्हणजे थर फाटला.

आमच्या नात्यातल्या एका कुटुंबावर हा प्रसंग आला होता. अकोल्याहून दवाखान्याचे काम उरकून परत येताना, दुपारी दोनच्या सुमारास, मागे आजारी दादीजान. दिवा लागला, ठोका सुरू झाला, आणि चालवणाऱ्याच्या मनात आले की बडनेरा आता दहाच किलोमीटर आहे, तिथे सावली आहे, मिस्त्री आहे. माणूस म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण साठच्या वेगाने जाताना इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे मारत असेल, तर दहा किलोमीटर म्हणजे तीस हजार कोरडे फेरे. गाडी दहा किलोमीटर गेलीच नाही. चौथ्या-पाचव्या किलोमीटरला इंजिन जाम झाले आणि मागून येणारा ट्रक कसाबसा बाजूने निघून गेला. दादीजान सुखरूप घरी आल्या, एका अनोळखी माणसाच्या पिकअपमध्ये. इंजिन मात्र क्रँकसह गेले.

तो दिवा आणि तो ठोका एकत्र आले की गाडी डाव्या कडेला घ्यायची, इंजिन तिथेच बंद करायचे, माणसांना रस्त्याच्या बाहेरच्या बाजूला सावलीत बसवायचे, मागे काही अंतरावर त्रिकोण किंवा झाडाची फांदी ठेवायची. मग ऑइल पाहायचे. पातळी ठीक असली तरी पुन्हा सुरू करून पाहायचे नाही. टोचन लावून न्यायची. टोचनचे भाडे जड वाटते, पण त्याची तुलना पेट्रोलच्या खर्चाशी नव्हे, नव्या क्रँकच्या खर्चाशी करायची.

बाकीच्या आवाजांना एवढी घाई नसते. फॅन बेल्टची किंकाळी घेऊन गावातल्या मिस्त्रीपर्यंत जाता येते, पण अमरावती-अकोला प्रवासाला निघू नये; पट्टा तुटला तर चार्जिंग जाते आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असतो. टॅपेट आठवडाभर थांबतात. चाकाचे बेरिंग गुणगुणत असेल तर दोन-चार दिवसांत बदलावे. ते जाम झाले तर चाक जागेवर राहत नाही.

मिस्त्रीकडे जाताना निदान घेऊन जाऊ नये. ‘टॅपेट टाइट करा’ म्हटले की तो टॅपेट टाइट करतो, पैसे घेतो आणि आवाज तसाच राहतो. त्यात त्याची चूक नाही, आपण सांगितले ते त्याने केले. सांगावे ते असे: ‘सकाळी थंडपणी येत नाही, वीस मिनिटांनी येतो, उभ्या गाडीतही येतो, क्लच दाबला तरी जात नाही, एसी लावला की वाढतो.’ मोबाइलवर आवाज भरून न्यावा, पण एक बोनेटजवळ उभे राहून आणि एक गाडीच्या आत बसून, सोबत तोंडाने सांगत की आता रेस दिली, आता क्लच दाबला. शक्य असेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात ठेवावी, म्हणजे सकाळचा पहिला स्टार्ट उस्ताद स्वतः ऐकतील. आणि ते ऐकत असताना गप्पा मारू नयेत.

अकोला आणि अमरावतीच्या गॅरेजांत असे कान असलेली माणसे अजून आहेत, आणि त्यांतली कितीतरी आपल्या घरांतली आहेत. दहाव्या-बाराव्या वर्षी पाने पुसायला लागलेली, उस्तादच्या हाताखाली तयार झालेली. लेकराचे शाळेचे वय गॅरेजात जावे हे आम्हाला शिक्षक म्हणून मुळीच मान्य नाही. दहावीनंतर आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिथे जावे, मुलींनीही जावे, आणि मग त्याच उस्तादांकडे कान तयार करायला बसावे. कॉम्प्युटर जोडून दोष वाचणारे यंत्र नव्या गाड्यांत पुष्कळ सांगते; कार्बुरेटरच्या ८०० ला मात्र ते जोडायला जागाच नाही.

शेवटी एका भागाबद्दल, जो बहुधा आवाज करतच नाही. टायमिंग बेल्ट. मारुती ८०० सह अनेक जुन्या गाड्यांत वरचे व्हॉल्व आणि खालचा क्रँक यांची वेळ एक दातेरी रबरी पट्टा जुळवतो. तो झाकणाखाली असतो, दिसत नाही, कुरकुरत नाही, आणि एक दिवस तुटतो. गाडी जागच्या जागी बंद पडते; काही इंजिनांत व्हॉल्व पिस्टनवर आदळून वाकतात. तो किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा हे पुस्तिकेत असते. सेकंडहँड गाडी घेताना आधीच्या मालकाला विचारा, शेवटचा कधी बदलला. त्याला आठवत नसेल तर बदलून घ्या, आणि तारीख व किलोमीटर कागदावर लिहून बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावून ठेवा.